आवक शिक्क्याच्या जाधवबाई

जाधवबाई गेल्या तेव्हा मी गेलो नाही. माझी बायको सुनंदा गेली. अंबरनाथला बुवापाड्यात, त्यांच्या घराखालीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. परत आल्यावर सुनंदा म्हणाली, माइकवर पाच जण बोलले आणि पाचही जणांनी बाईंना मायेचा सागर म्हटलं. मी जेवत होतो. घास हातातच राहिला. सागर? त्या बाईकडे वाटीभर माया असती, तर आज माझ्या घरात अकरा वर्षांची एक मुलगी गृहपाठ करत बसली असती.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, झालं ते सांगणार आहे. बाईंनाही तेवढंच कळायचं. घात झाला तो त्यानेच.

दिसायला ठेंगण्या. केस घट्ट बांधलेले, साडी सुती आणि चुरगळलेली, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनी केली होती. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्या, पण लिहिणं सुटलं नाही. नवरा लवकर वारलेला. पुढे त्यांनी संस्थेतली मुलं घरी सांभाळायला घेतली, कधी दोन, कधी तीन. याला सरकारी भाषेत प्रतिपालकत्व म्हणतात. हे दत्तक नव्हे. मूल तुमच्या नावावर होत नाही, तुमच्या हवाली होतं. ती संस्था त्यांना दुसऱ्या प्रतिपालकांकडे गृहभेटीलाही पाठवायची. म्हणजे पुन्हा तेच. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि लिहायचं.

त्यांच्या खांद्याला रेक्झिनची काळी बॅग असे. तिच्यात स्वतःचा स्टेपलर, टाचण्या, गोंद, अंगठ्यासाठी शाईचा पॅड. सरकारी ऑफिसात कोणी "स्टेपलर नाही" म्हणून परत पाठवू नये म्हणून. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. कोणीही अडचण घेऊन आलं की आधी विचारायच्या, आवक नंबर घेतला का? अर्ज दिल्यावर ऑफिस आपल्या प्रतीवर शिक्का मारून जो नंबर देतं, तो. "आवक शिक्का नाही, तर अर्ज नाही," हे त्यांचं वाक्य बुवापाड्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ होतं. एकदा एका कारकुनाने त्यांना, शिक्का कशाला, कागद ठेवून जा, असं सांगितलं. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. कारकून जेवायला गेला, जेवून आला, बाई तिथेच. आपल्या प्रतीच्या मागे त्याची जायची आणि यायची वेळ त्यांनी लिहून ठेवली होती. ती त्याला दाखवली. दोन मिनिटांत शिक्का पडला.

आणखी एक खोड. त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. शिपायाला, साहेबाला आणि सांभाळायला आणलेल्या चार वर्षांच्या पोरालाही. "तुम्ही दात घासलेत का?" असं त्या पोराला गंभीरपणे विचारायच्या. सगळ्या दुनियेत त्या अरे-तुरे करायच्या फक्त मला. ते कसं, ते पुढे येईल.

माझं उल्हासनगरात फर्निचरचं दुकान आहे. त्याच बाजारात एका सिंधी शेठकडे पॉलिश घासत मी मोठा झालो. आज त्या शेठचा मुलगा माझ्याकडून माल उचलतो. राहतो बदलापूर गावात. भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. मूल मात्र झालं नाही, आणि तिथे भाव करायला समोर कोणी नव्हतं. पाच वर्षांपूर्वी संस्थेतून गौरी आमच्याकडे आली. सहा वर्षांची, बारीक, आल्या दिवशी चपला उशाखाली घेऊन झोपलेली. आई वारलेली, बाप परागंदा.

पहिल्याच आठवड्यात जाधवबाई आल्या. आल्या आल्या घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. मुलगी कुठे झोपते, मोरीची कडी तिच्या हाताला येते का, सगळं पाहिलं. मग बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत माझ्या हातात दिली आणि माझ्याच घरात, बायकोसमोर मला ती मोठ्याने वाचायला लावली. मुलीचं नाव बदलायचं नाही. गृहभेटीला दार उघडायचं. दर वर्षी आदेशाचा आढावा होईल. मी एक कलम गाळलं, तर म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

शेवटी त्यांनी अनुदानाचा फॉर्म काढला. प्रतिपालकाला मुलीच्या खर्चासाठी दरमहा सरकारी रक्कम मिळते, तिचं आणि आमचं मिळून खातं उघडायचं, त्यात ती जमा होते. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, माझं दुकान आहे, मला सरकारची भीक नको.

"भीक तुम्हाला कोण देतंय?" बाई म्हणाल्या. "पैसे गौरीताईंचे आहेत. तुम्ही फक्त सही करायची."

मी म्हणालो, लोक काय म्हणतील? पोरीच्या पैशावर घर चालवतात?

"लोकांचा अर्ज आलेला नाही," बाई म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात बोलल्या. माझ्याशी तेवढ्या खालच्या आवाजात पुन्हा कधी बोलल्या नाहीत. "पैशाचं राहू द्या. हा फॉर्म भरला की दर तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन बघतं, लिहितं आणि ते फाईलला लागतं. मूल तुमच्याकडे होतं, चांगलं होतं, हे सांगणारा दुसरा कागद तुमच्याकडे काय आहे?"

मी सही केली नाही. आमच्यात मूल सांभाळायचे पैसे घेणाऱ्या बाईला मोलकरीण म्हणतात, आई म्हणत नाहीत. सुनंदाला कोणी तसं म्हणावं, हे मला चालणार नव्हतं. बाईंनी कोरा फॉर्म टेबलावर ठेवला आणि जायची वेळ लिहून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या तो रविवार होता. घरात माझे भाऊ, वहिन्या, त्यांची मुलं जमली होती, आणि त्या सगळ्यांना मी गौरी दत्तक आहे असं सांगितलं होतं. दारात उभ्या राहून बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "संस्थेतर्फे गृहभेट." मी दार अर्धं ओढून घेतलं आणि दात आवळून सांगितलं, की इथे संस्थेचं कोणी राहत नाही, नंतर या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वही काढली, लिहिलं. "ठीक आहे. तू दार लाव," एवढंच म्हणाल्या. तो पहिला 'तू'. दुसऱ्या दिवशी संस्थेला फोन करून मी सांगितलं, त्या बाईला आमच्याकडे पाठवू नका. माणसं त्यांच्याकडे मुळातच कमी. त्यानंतर कोणी आलंच नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

काही महिन्यांनी त्या थेट दुकानात हजर. त्यांच्याकडे तेव्हा दोघी बहिणी होत्या, त्यांच्यासाठी अभ्यासाची दोन टेबलं हवी होती. मी मनात हिशोब केला. जवळजवळ दुप्पट भाव सांगायचा. त्या घासाघीस करतील, चार शब्द इकडचे तिकडचे होतील, मग मी अर्ध्यात देऊन टाकीन आणि दाराचा विषय मिटेल. बाजारात असेच विषय मिटतात. मी भाव सांगितला. बाईंनी पर्स उघडली आणि सांगितले तेवढे काढून ठेवले. वर पक्कं बिल मागितलं. शेजारच्या दुकानातला सिंधी पोट धरून हसला. "साईं, आज तू लुट गया," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पैसे माझ्या गल्ल्यात होते आणि लुटला गेलो होतो मी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे दोन खुर्च्या फुकट पाठवल्या. त्याच टेंपोने खुर्च्या परत आल्या, टेंपोचं भाडंही बाईंनीच दिलेलं. सौदा न करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आमच्या शेठने मला कधी शिकवलं नव्हतं.

मग गौरी घसरगुंडीवरून पडली. कोपराचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागणार होतं. दवाखान्यात फॉर्मवर सही करताना विचारलं, नातं काय? मी म्हणालो, बाप. गौरी मात्र विव्हळत, शाळेत शिकवल्यासारखं पूर्ण नाव सांगत होती, गौरी सखाराम पवार. माझं आडनाव भोईर. डॉक्टरने सही थांबवली. आदेश दाखवा म्हणाला. आदेश दुकानातल्या तिजोरीत, बाजार बंद, किल्ल्या दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे आणि तो गावी. मी अर्धा तास आरडाओरडा केला, कोणाकोणाचे फोन लावले, डॉक्टरला ओळख सांगितली, दमही दिला. सुनंदाने एकच फोन केला. अंबरनाथहून जाधवबाई रिक्षाने आल्या, पदराला पीठ लागलेलं. काळ्या बॅगेतून गौरीच्या आदेशाची झेरॉक्स काढली. मी त्यांना दारातून घालवलं होतं, तरी ती बॅगेत होती. कोणत्या कलमाखाली प्रतिपालक उपचाराला सही करू शकतो, त्यावर बोट ठेवलं. डॉक्टरने वाचलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

सगळं झाल्यावर वॉर्डबॉयसमोर त्या मला म्हणाल्या, "कागद तिजोरीत ठेवतोस? हाड काय तिजोरीत मोडतं?" मग आत जाऊन गौरीजवळ बसल्या. "गौरीताई, तुम्ही रडलात तरी चालेल. किती वाजता रडलात ते मी लिहून ठेवते." पोरगी चक्क हसली.

मला त्या दिवशी जी शरम वाटली, तिच्यातून मी घोडचूक केली. जूनमध्ये गौरीची शाळा बदलली. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाची चौकट होती. पुन्हा कोणी नातं विचारू नये, कागद मागू नये, म्हणून मी तिच्यात माझं नाव लिहिलं, दत्तात्रय. पुढे भोईर. शाळा नवीन होती, तिने फार चौकशी केली नाही. सुनंदाने तेच नाव गौरीच्या डब्यावर कोरून आणलं. आदेशातलं ते कलम मी मोठ्याने वाचलेलं होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, आता ही आमची झाली. आमच्यासारखी माणसं हेच करतात. जी गोष्ट हातची जाईल अशी धास्ती असते, तिच्यावर आधी नाव घालतात.

अडीच वर्षं झाली आणि बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरून गौरीची मावशी समितीपुढे आली. वीटभट्टीच्या कामावर ती दुसऱ्या जिल्ह्यात होती. बहीण गेल्याचं तिला उशिरा कळलं आणि पोरगी संस्थेत गेल्याचं त्याहून उशिरा. तिने गौरीला मागितलं. आम्हाला तारखेचं पत्र आलं.

तेव्हा मी पहिल्यांदा जाधवबाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली माझ्या दुकानातली ती दोन टेबलं, शेजारी शेजारी. मांडणीवर स्टीलचे पेले एका रांगेत, प्रत्येकावर एका मुलाचं पूर्ण नाव कोरलेलं, त्याच्या त्याच्या आईबापाच्या नावासकट. त्यातल्याच एका पेल्यातून त्यांनी मला पाणी दिलं. त्या नावाचा मुलगा मला कुठे दिसला नाही. विचारलं, तर म्हणाल्या, चार वर्षांपूर्वी आजीकडे गेला. मग पेला कशाला ठेवलाय? "आले तर पाणी कशात देऊ?"

मी मुद्द्यावर आलो. समितीपुढे एवढंच सांगा, की तुम्ही दर महिन्याला आमच्याकडे येत होतात, सगळं ठीक होतं. आणि ठीक होतंच की. त्यात खोटं ते काय, फक्त भेटींचा आकडा. बदल्यात तुमच्याकडच्या मुलांना दुमजली पलंग, कपाटं, लागेल ते करून देतो, असं म्हणालो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला जे विचारतील त्याचं मी उत्तर देईन." आमच्या धंद्यात माणूस सरळ नाही म्हणाला नाही, की सौदा अर्धा पक्का झालेला असतो. मी खुशीत जिना उतरलो.

समितीने आधी फाईल उघडली. तिच्यात मूळ आदेश, आढाव्याचे दोन ओळींचे कागद आणि संस्थेचं एक पत्र, की प्रतिपालकांनी गृहभेट नाकारली. अनुदान घेतलेलं नसल्याने तिमाही अहवाल एकही नाही. मग मावशीबरोबर आलेल्या कार्यकर्त्याने शाळेतून आणलेल्या प्रवेशाच्या फॉर्मची प्रत पुढे ठेवली. गौरी दत्तात्रय भोईर. अध्यक्षबाईंनी तो कागद माझ्याकडे वळवला.

मग जाधवबाईंना विचारलं, की तुम्ही गृहभेटी दिल्या होत्या का? बाईंनी वही उघडली. घड्याळासारख्या एका सुरात वाचत गेल्या.

"एकदा आत गेले. मुलगी स्वच्छ होती, तिला स्वतःची खाट होती. दुसऱ्यांदा दारातून परत आले, दुपारी बारा पाच. तिसऱ्यांदा दवाखान्यात पाहिलं. मुलीचं वजन वाढलेलं होतं, सुनंदाबाईंचा हात सोडत नव्हती. ऑपरेशन होईपर्यंत हा माणूस जिन्यात बसून रडत होता, चाळीस मिनिटं. दर महिन्याला गेले, असं मी म्हणणार नाही."

मला दोन गोष्टींचा संताप आला. त्यांनी भेटींबद्दल खोटं बोलायला नकार दिला, आणि रडण्याबद्दलचं खरं सांगितलं. ते मी सुनंदालाही सांगितलं नव्हतं.

मावशी कोपऱ्यात उभी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "माजी भाची हाय ती. मी भट्टीवं होते, मना कोनी सांगलाच नाय." अध्यक्षबाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, अडीच वर्षांचे अहवाल इथे असते, तर निदान आम्ही सावकाश गेलो असतो, दोन्ही घरं तोलून पाहिली असती. आता एका बाजूला रक्ताची मावशी आहे आणि दुसऱ्या बाजूला कोरी फाईल, वर बदललेलं नाव. गौरी मावशीकडे गेली. मावशी तिला हाताला धरून भरभर चालत होती, कोणी परत मागेल म्हणून. गौरीच्या दुसऱ्या हातात डबा होता.

आणि जाधवबाई? त्या बाहेरच्या बाकावर मावशीशेजारी जाऊन बसल्या होत्या. नातेवाइकाने मूल सांभाळलं तरी अनुदान मिळतं, हे तिला समजावून सांगत होत्या. मावशीने नको म्हटलं नाही. तिला लाज वाटली नाही. बाईंनी शाईचा पॅड काढला आणि तिने अंगठा दिला. मी तिकडे पाठ करून शिपायावर ओरडत राहिलो. त्याचा काही संबंध नव्हता.

त्यानंतर मी बाईंचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

चार महिन्यांनी एक पत्र आलं. आमच्या अर्जाला अनुसरून आम्हाला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी समितीच्या ऑफिसात गौरीला भेटायची परवानगी दिल्याचं. खाली अर्जाचा आवक नंबर आणि तारीख. तारीख सुनावणीच्या दिवसाची. मी कोणताही अर्ज केलेला नव्हता. सुनंदाकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "मी केला. तू शिपायाशी भांडत होतास तेव्हा बाईंनी लिहून दिला, मी सही केली. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. त्या धावत गेल्या."

चार महिने हे दोघींनी माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. पत्र खिशात घातलं आणि तसाच अंबरनाथला गेलो. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. दार वाजवलं. ते साखळीपुरतं उघडलं. फटीत बाई दिसल्या, अर्ध्याच. खूप वाळल्या होत्या, घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. त्यांना काय झालंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी भांडलोच असतो. मला न विचारता माझ्या घरातला अर्ज कसा केलात, म्हणून मी त्यांना जिन्यातच फैलावर घेतलं.

"तुला विचारलं असतं, तर तू भाव केला असतास," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पत्र मागितलं. मी फटीतून दिलं. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, नंबर वाचला आणि विचारलं, याच्या झेरॉक्स किती काढल्यास? एकही नाही, हे ऐकून पत्र परत माझ्या हातात दिलं. "आधी जा. कोपऱ्यावरचा सात वाजता बंद करतो."

मी भांडायला आलो होतो, आणि गेलो झेरॉक्स काढायला. तीन प्रती काढल्या, जिना चढून परत आलो. पुन्हा साखळीच. फटीतून हात बाहेर आला, एक प्रत घेतली. आत मांडणीवरचे पेले दिसत होते, मुलांच्या वाचण्याचा आवाज येत होता. बाईंनी प्रतीच्या कोपऱ्यात वेळ लिहिली.

"दुसरा शनिवार, अकरा वाजता. उशीर करू नकोस. तिथे वेळ लिहितात," म्हणाल्या आणि दार लावलं.

शनिवारी तिथे दुसरंच कोणी वेळ लिहायला होतं. बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. मी अजून एकदाही उशिरा गेलेलो नाही, पण तो त्यांच्यावर उपकार नव्हे, आणि माझा रागही गेलेला नाही.

त्या संध्याकाळी मात्र दार लागल्यावर मी तिथेच उभा राहिलो. आतून साखळी निघेल, असं उगाच वाटत होतं. निघाली नाही. मी घड्याळ पाहिलं, सात वाजून चार मिनिटं, आणि दोन प्रती खिशात घालून खाली उतरलो.